बंद झाकणाचा आकडा

दशांशबाईंना कुणी वेळ विचारली की त्या आधी भिंतीवरचं घड्याळ बघायच्या, मग मनगटावरचं, आणि दोघांचं एकमत झालं तरच तोंड उघडायच्या. "दहा वाजून सात. साडेसात मिनिटं धरा." तोवर विचारणारा जिना उतरून गेलेला असायचा. "दोनदा तपासल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही," हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी दुधालाही लावला होता. दूध उतू जातंय असं एका डोळ्यानं दिसलं तरी दुसऱ्या डोळ्याची साक्ष होईपर्यंत गॅस बंद व्हायचा नाही. त्यांच्या नणंदेनं तर लग्नानंतर आठवड्याभरातच जाहीर करून टाकलं होतं, "दादानं बायको नाही, तराजू आणलाय घरात. तोही रुसणारा."

बाई कामाला होत्या विषारी गाळ बांधायच्या कारखान्यात. बांधायचा म्हणजे असं: धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांतून जो काळा-करडा चिखल उरतो, तो ट्रकनं इथं यायचा. त्यात शिसं, जस्त आणि सगळ्यांचा बाप म्हणजे सोमल, पुस्तकी नाव आर्सेनिक. गोष्टीतल्या सावत्र आया दुधात घालतात तोच. हा चिखल सिमेंटमध्ये कालवायचा, साच्यात ओतायचा, आणि त्याचे चांगले कमरेएवढे ठोकळे करून मागच्या आवारात रचून ठेवायचे. विष दगडात कोंडलं, काम फत्ते. पण सिमेंट किती घालायचं? कमी पडलं तर विष पावसाबरोबर चालू पडणार, जास्त झालं तर शिसंच उलटं विरघळायला लागणार. हे सांगायचं काम बाईंचं आणि त्यांच्या संगणकाचं.

त्या संगणकातली भानगड बाई नव्या माणसाला फार झकास समजावून द्यायच्या. "समजा, एका खोलीत वीस नातेवाईक कोंबलेत. एकाला खिडकी हवी, दुसऱ्याला आत्याशेजारी बसायचं नाही, मामाचं आणि काकाचं तर विचारूच नका. पहिला अर्धा तास नुसती ढकलाढकली. मग एकेक जण आपापली जागा धरतो. एक उठला तर त्याच्या जागी एकच बसतो. हा समतोल. यंत्राला मी फक्त सांगते कोण कोण आलंय आणि किती आलंय. ते मला सांगतं, शेवटी कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसेल, आणि कोण पाण्याचा हात धरून दाराबाहेर जाईल."

"किती दिवसांनी जाईल?" एखादा विचारायचा.

"ते नाही सांगत. शेवट सांगतं, तारीख नाही."

सोमल आणि चुना यांचं या खोलीत छान जमायचं. सिमेंटातला चुना सोमलाला असा कवटाळून बसायचा की पाण्यानं कितीही लाडीगोडी लावली तरी सोमल ढिम्म. यंत्राचा आकडा निघाला तो इतका बारीक, की बाईंनाच शंका आली. मग त्यांनी ठोकळ्याचा तुकडा कुटला, बाटलीत पाण्याबरोबर भरला, झाकण घट्ट पिळलं, आणि अठरा तास बाटली गरगर फिरवली. पाणी तपासलं. यंत्राचा आकडा आणि बाटलीचा आकडा दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत एक!

मोठे साहेब खूश झाले. साहेबांना प्रत्येक वाक्याला 'काये ना'ची काठी लागायची, तिच्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. "काये ना बाई, काये ना, दोन साक्षीदार जुळले की खटला संपला, काये ना!" त्याच आठवड्यात सोमल मोजायचं जुनं यंत्र बिघडलं होतं. विहिरीच्या पाण्याची सहामाही तपासणी व्हायची, तिच्या यादीतून सोमल काढावा का, असा कागद साहेबांनी बाईंपुढं सरकवला. बाईंनी दोनदा वाचला आणि लिहिलं, "गरज नाही." खाली सही, तारीख, वेळ.

आता मुकादम. मुकादम म्हणजे मिक्सरवरचा मुख्य माणूस आणि पुढे बाईंचा नवरा. त्याच्याआधी मिक्सरवर जे होते ते अंदाजपंचे दाहोदरसे, दोन फावडी इकडे, दीड तिकडे. हा माणूस पहिल्याच दिवशी जिना चढून वर आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, तुमच्या चिठ्ठीवर सिमेंट एकशे बेचाळीस किलो आहे. एकशे चाळीस घातलं तर काय होईल?"

"घालू नका."

"नाही घालत. विचारतोय."

"एकशे बेचाळीस घाला."

"बरं." आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत. "बाई, चिठ्ठीत पाणी किती ते पुसट झालंय." पुसट कसलं, अंगठ्यानं चोळून चोळून पुसलेलं होतं. असं तीन महिने चाललं. सगळ्या कारखान्याला कळलं होतं, दशांशबाईंना कळायला दोनदा तपासावं लागलं.

लग्न झालं तरी दोघं एकमेकांना 'बाई' आणि 'मुकादम'च म्हणत राहिली, आणि अहो-जाहोच करत राहिली. घरात ती दोघं, आणि शेजारच्या गल्लीत नणंद. ती रोज चक्कर टाकून जायची आणि जाताना एक टोमणा उंबऱ्यावर ठेवून जायची.

आवारात ठोकळ्यांच्या रांगांपाशी एक विहीर होती. मिक्सरला पाणी तिचंच. प्यायला मात्र कुणी धजायचं नाही; नवे मजूर तर तिच्याकडे पाठ करून डबा खायचे. "विषाच्या शेजारची विहीर, आपण नाही बुवा!" मुकादमाला हे झोंबायचं. विहिरीवर शंका म्हणजे चिठ्ठीवर शंका, आणि चिठ्ठीवर शंका म्हणजे बाईंवर. एका सोमवारी त्यानं पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा केलं, बादली शेंदली, ग्लास भरला आणि घटाघट प्यायला. "हे बघा! माझ्या बायकोचा आकडा आहे. बायकोचा आकडा चुकला तर नवऱ्यानं मरायला हरकत नाही, चार लोकांत नाव तरी होईल." लोक हसले. गेटवरच्या म्हाताऱ्या गेटकाकांनी पुढं होऊन ग्लास मागितला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी.

तेव्हापासून दर सोमवारी तो पहिला ग्लास ठरलेला. प्रयोगशाळेची खिडकी वर, विहिरीच्या समोर. मुकादम ग्लास उंच करायचा, बाई खिडकीतून हात हलवायच्या. बाकीचे दिवस लोक तेच पाणी तहान लागली म्हणून प्यायचे. अकरा वर्षं.

मधल्या काळात मुकादमाचे तळहात खरबरीत झाले. दाणे दाणे, जोंधळे पेरल्यासारखे. नणंद म्हणाली, "दादा, हात आहे की खवणी?" डॉक्टर म्हणाले, "सिमेंटचं काम ना? हातमोजे घाला." मुकादम हातमोजे घालायचा, मलम लावायचा आणि बाईंना म्हणायचा, "आता तुमचा हात धरायचा तर परवानगी काढावी लागेल." सिमेंटवाल्याचे हात असेच असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग तो शनिवार. शनिवारी आवार रिकामं असायचं. बाई एका अहवालासाठी आल्या आणि गेटकाकांकडे प्रयोगशाळेची किल्ली मागितली. काकांनी तळहातावर ठेवून पुढं केली. बाईंनी किल्ली उचलली, आणि हात तिथंच थांबला. खाली तळहातभर जोंधळ्यासारखे दाणे.

"काका, हे काय?"

"हे होय? झालं दोन-तीन वर्षं. तळपायालाही आहे. चालताना टोचतं जरा. वय झालं, दुसरं काय!"

"तुम्ही कधी मिक्सरवर काम केलंय?"

"मी? अहो, मी आयुष्यात सिमेंटची गोणी हलवली नाही. खुर्ची हलवतो, उन्हातून सावलीत."

बाई अहवालाला बसल्या नाहीत. वरून गिरमिट आणि एक बाटली उचलून तशाच आवारात गेल्या. सर्वात जुन्या रांगेतल्या एका ठोकळ्याला त्यांनी हाताच्या पोकळ गिरमिटानं भोक पाडलं, बोटभर जाडीची दगडी कांडी बाहेर काढली आणि तिच्यावर चुना ओळखायचं बिनरंगी औषध शिंपडलं. चुना असला की ते गुलाबी होतं. कांडीचा आतला भाग झाला, चांगला गडद. बाहेरचा चार बोटं भाग मात्र करडाच राहिला. बाईंनी दुसरा ठोकळा घेतला. तोच प्रकार. एके ठिकाणी भेग होती, तिथं तर करडा रंग हातभर आत गेला होता.

मग त्या परत वर गेल्या. संगणक चालू केला. अकरा वर्षांपूर्वीचं आपलंच गणित उघडलं. पहिल्याच पानावर यंत्रानं विचारलेला एक साधा प्रश्न होता: हवा आत येते का? आणि बाईंनी खूण केली होती: नाही.

का नाही? कारण बाटलीला झाकण होतं. बाटलीशी आकडा जुळवायचा होता ना, मग यंत्रातही झाकण बंद. दोन साक्षीदार जुळले, कारण दोघांना एकाच खोलीत कोंडून जबानी घेतली होती. आणि ठोकळे? ते उघड्यावर, वाऱ्यात. खोलीत नातेवाईक बसले, दार मात्र सताड उघडं, आणि एक पाहुणा बाईंच्या यादीत नव्हताच. हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो आला, त्यानं चुन्याला मनगट धरून उठवलं, त्याचा खडू करून टाकला, आणि सोमल एकटा पडला. त्याला मग पाण्यानं नुसतं बोट दाखवायचा अवकाश.

बाईंनी खूण बदलली: हो. कळ दाबली. आकडा आला. दशांशचिन्ह तीन घरं उजवीकडे सरकलं होतं.

त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, बाहेरच्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिलं. "बुधवारी सांगतो," तिथला माणूस म्हणाला. आणि बाईंनी ठरवलं, बुधवारी सांगायचं. गणित हा एक आकडा. तो एकदा चुकलेलाच आहे. पाणी हा दुसरा. दुसरा आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

संध्याकाळी त्या मुकादमाला एवढंच म्हणाल्या, "विहिरीवर शेवाळ दिसतंय. घरचं पाणी नेत चला."

"शेवाळ? बाई, तुम्ही शेवाळाला भ्यायला लागलात?" पण त्यानं बाटली नेली. बायकोचं ऐकायची त्याला सवयच होती.

सोमवारचा ग्लास मात्र तहानेचा नव्हता. तो कामाचा भाग होता. त्यात त्या दिवशी दोन नवे मजूर आले होते, सख्खे भाऊ, दोघंही बाप्ये माणसं पण विहिरीकडे बघून लहान पोरासारखे बिचकलेले. बाई खिडकीत उभ्या होत्या. बादली वर आली. त्यांचा हात खिडकीच्या कडीवर होता. कडी उघडायला किती वेळ लागतो? मुकादमानं ग्लास भरला, वर बघितलं, ग्लास उंच केला.

आणि बाईंनी हात हलवला.

अकरा वर्षांची सवय. हात आपोआप हलला, असं त्या पुढं स्वतःला पुष्कळदा सांगणार होत्या. मुकादम प्यायला. दोन ग्लास भरून त्यानं दोघा भावांच्या हातात दिले. धाकटा चव घेऊन म्हणाला, "गोड आहे की!" आणि आणखी अर्धा मागून घेतला.

बुधवारी फोन आला. बाईंनी आकडा परत वाचायला लावला. चालतं त्याच्या चाळीस पट. मग कारखान्यानं पहिल्यांदा दशांशबाईंना धावताना पाहिलं. जिन्यात एक चप्पल सुटली ती तिथंच राहिली. विहिरीपाशी जाऊन त्यांनी बादलीचा दोर सोडून घेतला आणि धापा टाकत म्हणाल्या, "हे पाणी पिऊ नका. यात सोमल आहे. माझा आकडा चुकलाय. अकरा वर्षं चुकलाय."

 आधी मुकादमच हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्यानं बाईंचा चेहरा बघितला, मग स्वतःचे तळहात, मग गेटकाकांचे. एवढं सगळं समजायला त्याला पाच सेकंदही लागले नाहीत. आणि तरी तो बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लोकांत कुजबुज सुरू झाली तसा म्हणाला, "ए, गप. माणूस आहे, चुकतं. स्वतः येऊन सांगितलं ना? दुसरं कोण सांगतं? चला, आधी दवाखान्यात जायची यादी करू. काका, तुमचं नाव पहिलं."

त्या तासाभरात बाईंना वाटलं, निभावलं. सगळं गेलं तरी हा माणूस राहिला.

दुपारी तो वर आला, यादीवर त्यांची सही घ्यायला. टेबलावर ठोकळ्याच्या दोन कांड्या होत्या, अर्ध्या गुलाबी, अर्ध्या करड्या. प्रत्येकीला बाईंच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. बाईंची कुठलीच वस्तू तारीख-वेळेशिवाय नसायची. मुकादमानं एक चिठ्ठी वाचली. मग दुसरी.

"हे शनिवारचं आहे?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. त्यांना जमलं नसतं, पण प्रयत्न करू शकल्या असत्या. "हो," त्या म्हणाल्या. "अकरा चाळीस."

"म्हणजे सोमवारी तुम्हाला माहीत होतं."

"एकच आकडा होता. तोही गणिताचा. पाण्याचा यायचा होता. चुकला असता तर उगीच सगळ्यांना..."

"तुम्ही खिडकीत होता. मला हात केलात."

"मुकादम, एका ग्लासानं काही होत नाही. खरंच नाही. मी गणित काढलंय त्याचं."

"काढलंत?" तो खुर्चीवर बसला. "कधी काढलंत?"

"सोमवारी. दुपारी."

त्यानं यादीची घडी घालून खिशात ठेवली. खाली कुणीतरी गेटकाकांना रिक्षात चढवत होतं, "हळू, काका, पाय इकडे, पाय," असं चाललं होतं.

"अकरा वर्षांचं सोडा," तो म्हणाला. "ते मी तुमच्याबरोबर भोगलं असतं. हसत भोगलं असतं. पण त्या दोघा भावांच्या हातात ग्लास मी दिला हो. मी कुठं आकडा मागत होतो? नुसती खिडकी वाजवली असती तरी मी ग्लास खाली ठेवला असता. का म्हणून विचारलंसुद्धा नसतं."

 दोन्ही डोळ्यांनी बघूनही बाईंना त्यात चूक सापडेना.

तो सही न घेताच गेला, आणि संध्याकाळी घरी आला नाही. बहिणीकडे गेला.

पुढच्या दिवसांत मोठे साहेब अहवालाचा मसुदा घेऊन तीनदा आले. "काये ना बाई, 'चूक' हा शब्द, काये ना, जरा टोचतो. आपण 'फेरविचार' लिहू." बाईंनी 'चूक' लिहिलं, खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि साहेबांची काठी पहिल्यांदाच हवेत राहिली. विहीर बुजवायचं ठरलं. ठोकळे झाकायचे, आणि सोमलाला चुन्याऐवजी लोखंडाच्या क्षारानं धरायचं, तो हवेला दाद देत नाही. त्याचं गणित बाईंनीच केलं, या वेळी दार उघडं ठेवून. दवाखान्यातून एकेकाचे निकाल येत होते. नव्या भावांना काही नव्हतं. गेटकाकांचं यकृत बिघडलं होतं. मुकादमाच्या तळहातावरचा एक दाणा कापून तपासायला पाठवायचा होता, आणि त्याची तारीख असलेला कागद पत्त्याप्रमाणे बाईंच्या घरी आला.

सकाळी नऊला बाई तो कागद घेऊन शेजारच्या गल्लीत गेल्या. दार नणंदेनं उघडलं, पण अर्धंच, आणि स्वतः फटीत उभी राहिली. बाई टोमण्याची वाट बघत होत्या. अकरा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आज तो आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"हे त्यांचं. गुरुवारी बोलावलंय. उपाशीपोटी जायचंय."

"देते."

"जेवतात का?"

"जेवतो."

"हाताला मलम... ते निळ्या डबीतलं, पिवळ्या नाही. पिवळ्यानं आग होते."

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "सगळं करते मी." तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवतही नव्हती. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मुकादमाचा, अगदी नेहमीचा, भरदार.

"कोण आहे गं?"

नणंदेनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांनाही सांगता आलं नसतं.

"कुणी नाही, दादा," नणंद म्हणाली. "कागद आलाय तुझा."

दार लागलं. बाई पायरीवर थोडा वेळ उभ्या राहिल्या. आत नणंद कागद मोठ्यानं वाचून दाखवत होती, अडखळत, आणि मुकादम तिला तारीख परत वाचायला सांगत होता. दहाला लोखंडाच्या क्षाराचा पहिला ट्रक येणार होता. त्या पायरी उतरून चालू लागल्या.